सुरतचे हरिहर जरीवाला : खुन्याच्या समोर उभा राहिलेला नट

1968 साली मुंबईच्या उत्तर उपनगरांना रात्रीची झोप नव्हती. पदपथांवर आणि झोपड्यांत निजलेल्या गोरगरिबांची डोकी ठेचून कोणी अज्ञात इसम पसार होत होता. मारणाऱ्याला मरणाऱ्याशी काही वैर नव्हते, लुटण्याजोगे तर त्या झोपड्यांत काही नव्हतेच. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली पोलिसांनी शहर पिंजून काढले आणि 27 ऑगस्ट रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी रामन राघव याला रस्त्यात ओळखून ताब्यात घेतले. त्याला झालेली फाशीची शिक्षा पुढे मनोविकाराच्या कारणास्तव जन्मठेपेत बदलली गेली. माणसे एकामागून एक मारत जाणारा मनुष्य म्हणजे काय, हे मुंबईने त्या वर्षी प्रथमच इतक्या जवळून पाहिले.

त्याच वर्षी चित्रपटगृहांतही अशाच हत्यासत्राची एक कथा चालू होती. काळ मात्र एकोणिसाव्या शतकाचा आणि स्थळ काशी. एच. एस. रवैल यांच्या ‘संघर्ष’मध्ये दिलीपकुमार, वैजयंतीमाला, बलराज साहनी, जयंत अशी मातब्बर मंडळी होती. त्यांच्यामध्ये तिशीचा एक तरुण, तोवर पोशाखी व मारधाडीच्या चित्रपटांत अडकून पडलेला, द्वारका नावाच्या सूडकऱ्याच्या भूमिकेत उभा होता. त्या तरुणाचे पडद्यावरील नाव संजीवकुमार आणि खरे नाव हरिहर जेठालाल जरीवाला.

9 जुलै 1938 रोजी सुरत येथे त्यांचा जन्म झाला. मराठी माणसाला सुरत म्हटले की शिवछत्रपतींच्या 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्या आठवतात. सुरतेची दुसरी ओळख आपल्या घरातील कपाटात असते. पैठणीच्या पदराला जी जर लागते, ती बहुधा सुरतेहून येते. चांदीची तार एकाहून एक लहान छिद्रांतून खेचत केसाएवढी बारीक करायची, ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, असे ते चिकाटीचे काम. जरीवाला हे आडनाव त्याच धंद्याचे. हरिहर मात्र लहानपणीच मुंबईला आले आणि जरीऐवजी नाटकाच्या नादी लागले. मित्रमंडळीत ते अखेरपर्यंत हरीभाईच राहिले.

‘इप्टा’ या नाट्यसंस्थेत त्यांची उमेदवारी झाली. तिथेच त्यांच्या कलाजीवनाला एक वळण लागले, ते पुढे कधी सुटले नाही. आर्थर मिलरच्या ‘ऑल माय सन्स’च्या रूपांतरात बावीस वर्षांच्या या मुलाला म्हातारा करण्यात आले. पुढच्याच वर्षी ए. के. हनगल यांनी ‘डमरू’ नाटकात त्यांना सहा मुलांच्या, साठी गाठलेल्या बापाची भूमिका दिली. तरुण नट म्हाताऱ्याचे काम करतो तेव्हा तो बहुधा पाठीला बाक आणतो, आवाज कापरा करतो. हरीभाईंनी ते सोंग टाळले. बसताना लागणारा वेळ, उत्तर देण्यापूर्वीचा विराम, समोरच्याकडे उशिरा वळणारी नजर, एवढ्यावर त्यांनी वय उभे केले. पुढे भयपट आणि रहस्यपटांत त्यांच्या कामी आली ती हीच शिदोरी. भीती आरडाओरड्याने उत्पन्न होत नाही, ती विरामात दबा धरून बसते.

चित्रपटसृष्टीतील पहिले पाऊल 1960 चे. शशधर मुखर्जी यांच्या ‘फिल्मालय’ संस्थेच्या ‘हम हिंदुस्तानी’त त्यांना किरकोळ काम मिळाले. त्याच संस्थेसाठी त्याच वर्षी आर. के. नय्यर नावाचा तरुण दिग्दर्शक ‘लव्ह इन सिमला’ करीत होता. या नावाची गाठ हरीभाईंच्या आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा पडायची होती. 1965 साली ‘निशान’मध्ये नायकाची भूमिका मिळाली. 1966 साली होमी वाडियांच्या ‘अलीबाबा और 40 चोर’मध्ये ते झळकले. योगायोग असा की, वाडियांचे मूळ घराणेही सुरतेचेच. लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीचे उस्ताद 1736 साली सुरतेहून मुंबईला गोदी उभारण्यासाठी आले होते. सुरतेच्या दोन घराण्यांची ही भेट तलवारबाजीच्या चित्रपटात व्हावी, ही मौजच.

मग ‘संघर्ष’ आला. महाश्वेतादेवींच्या ‘लायली आसमानेर आयना’ या बंगाली कथेवर तो आधारलेला होता. पार्श्वभूमी ठगांची. वाटसरूंचा विश्वास संपादन करायचा, त्यांच्यासोबत चार मुक्काम चालायचे आणि संधी मिळताच रुमालाचा फास आवळायचा, ही ठगांची रीत. कालीमातेच्या नावाने चालणाऱ्या या हत्यांचा बीमोड विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला. रवैल यांच्या चित्रपटात हे पाप रस्त्यावर घडत नाही. काशीतील प्रतिष्ठित पुजारी भवानीप्रसाद श्रीमंत यात्रेकरूंना आपल्या आश्रयाला घेतो आणि देवीच्या नावाने त्यांचा बळी देऊन लुटतो. अतिथीचे घर हेच वधस्थान. जयंत यांनी हा म्हातारा असा काही रंगवला आहे की त्याच्या भक्तीचाही संशय येत नाही आणि क्रौर्याचाही.

रवैल यांनी यापूर्वी ‘मेरे मेहबूब’सारखी नाजूक प्रेमकथा दिली होती. तो दिग्दर्शक हत्येच्या कथेकडे वळला तेव्हा त्याने लेखणी अब्रार अल्वी आणि गुलजार यांच्या हाती दिली आणि संगीत नौशादांकडे सोपवले. दिलीपकुमार व वैजयंतीमाला यांचा हा जोडीने केलेला सातवा आणि शेवटचा चित्रपट. एवढ्या गर्दीत नवख्या नटाच्या वाट्याला काय यावे? भवानीप्रसादाने ज्याचा बाप मारला, तो हा द्वारका. सूड घ्यायला काशीत येतो आणि भवानीप्रसादाच्या नातवाशी, म्हणजे दिलीपकुमारांशी, त्याची गाठ पडते. दोघांमध्ये बुद्धिबळाचा पट मांडलेला एक प्रसंग आहे. एकमेकांचा जीव घेऊ शकणारी ही दोन माणसे सोंगट्या सरकवत सौजन्याने बोलत असतात. दिलीपकुमार हे विरामांचे बादशहा. त्यांच्या समोर भलेभले नट एक तर गडबडून जात, नाहीतर आवाज चढवत. हरीभाईंनी दोन्ही केले नाही. त्यांनी आपला वेळ घेतला. त्या प्रसंगाची चित्रपटसृष्टीत चर्चा झाली आणि मारधाडीच्या चित्रपटांतला नट रातोरात गंभीर अभिनेता म्हणून गणला जाऊ लागला. पुढे नऊ वर्षांनी सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त याच पटासमोर ते मिर्झा सज्जाद अली म्हणून बसले. तेव्हा मात्र प्रतिस्पर्ध्याला मारण्याची इच्छा उरली नव्हती, जगण्याचेच भान हरपले होते.

1968 चाच दुसरा चित्रपट ‘शिकार’. हा सरळ खुनाच्या तपासाचा रहस्यपट. दिग्दर्शक आत्माराम, म्हणजे गुरुदत्त यांचे बंधू. धर्मेंद्र आणि आशा पारेख ही मुख्य जोडी. संजीवकुमार पोलीस निरीक्षक. रहस्यपटातला निरीक्षक म्हणजे पटकथेची नड. प्रश्न विचारायचे, टोपी काढायची, शेवटी बेड्या घालायच्या. या नडीतून त्यांनी माणूस काढला आणि सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळवले. पडुकोण कुटुंबाशी त्यांचे नाते आणखी एका प्रकारे जडले. के. आसिफ यांनी ‘लव्ह अँड गॉड’ हा लैला-मजनूचा चित्रपट गुरुदत्तांना घेऊन आरंभला होता. 1964 साली गुरुदत्त गेले. त्यांची जागा संजीवकुमारांनी घेतली. मग 1971 साली खुद्द आसिफ गेले. तो चित्रपट पडद्यावर यायला 1986 उजाडले आणि तोवर संजीवकुमारही उरले नव्हते.

सत्तरच्या दशकाने त्यांना सर्व काही दिले. ‘दस्तक’ने राष्ट्रीय पुरस्कार दिला, ‘खिलौना’ने वेडाची भूमिका दिली, ‘कोशिश’ने दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. ‘कोशिश’विषयी थोडे थांबून सांगायला हवे. गुलजार यांनी त्यांना मूकबधिर केले आणि त्यांच्याकडचे सर्वांत भारी शस्त्र, म्हणजे आवाज, काढून घेतले. उरले हात आणि डोळे. तीन वर्षांनी रमेश सिप्पी यांनी ‘शोले’त हात काढून घेतले. आणि आयुष्याच्या शेवटी ‘कत्ल’मध्ये नय्यर यांनी डोळे. एखाद्या नटाच्या तिन्ही साधनांवर तीन दिग्दर्शकांनी अशी टाच आणल्याचे दुसरे उदाहरण हिंदी चित्रपटात सापडणे कठीण. त्या मानाने 1974 च्या ‘नया दिन नयी रात’चा गाजावाजा अधिक झाला. शिवाजी गणेशन यांच्या तमिळ ‘नवरात्री’वरून ए. भीमसिंग यांनी तो केला. नऊ रसांच्या नऊ भूमिका, त्यांत खवळलेला दरोडेखोरही आणि कुष्ठरोगीही. चित्रपटाच्या आरंभी खुद्द दिलीपकुमार या नटाची ओळख करून देतात. प्रेक्षक दिपले हे खरे. पण नऊ मुखवट्यांच्या त्या प्रदर्शनापेक्षा ‘कोशिश’मधला एक मुका बाप मनात अधिक काळ राहतो.

‘अनामिका’ आणि ‘उलझन’ हे रघुनाथ झालानी यांचे दोन रहस्यपट याच काळातले. ‘उलझन’ची कल्पना विलक्षण आहे. ज्या खुनाचा तपास अधिकारी करीत असतो, त्याचा धागा त्याच्याच घरात, नव्या नवरीपर्यंत पोहोचतो. ‘शिकार’च्या निरीक्षकाला गमावण्यासारखे काही नव्हते. येथे कायदा आणि संसार एकाच उंबरठ्यावर येऊन भिडतात. अर्थात गीते आणि योगायोग यांच्या भाराखाली हा ताण पुष्कळदा वाकतो, हेही नाकारता येत नाही.

‘शोले’ची कथा मात्र तपासाची नाहीच. तिथे खुनी कोण हे सर्वांना ठाऊक आहे. गब्बरसिंगची भूमिका प्रथम डॅनी यांना दिली होती. ते ‘धर्मात्मा’च्या चित्रीकरणासाठी अफगाणिस्तानात अडकले. ही भूमिका आपल्याला मिळावी असे संजीवकुमारांनाही वाटत होते. धर्मेंद्र यांना ठाकूर व्हायचे होते. तसे झाल्यास वीरूची भूमिका संजीवकुमारांकडे जाईल आणि बसंतीही, असे सिप्पींनी सुचवताच धर्मेंद्र वीरूवर खूश झाले, ही कहाणी सर्वश्रुत आहे. शेवटी गब्बर झाला अमजद खान. अमजद म्हणजे जयंत यांचा मुलगा. ‘संघर्ष’मध्ये बापाने द्वारकाचा पिता मारला होता, ‘शोले’त मुलाने ठाकूरचे कुटुंब मारले. दोन्ही वेळा सूड उगवायला समोर उभा तोच नट. जयंत 2 जून 1975 रोजी वारले. मुलाचा गब्बर पडद्यावर यायला अडीच महिने उरले होते.

बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकाळ माळावर 1973 च्या ऑक्टोबरात चित्रीकरण सुरू झाले. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग छायालेखक द्वारका दिवेचा यांनी ढगाळ उजेडात टिपायचे ठरवले आणि मनासारखे आभाळ मिळेना, म्हणून तो कितीतरी दिवस रेंगाळला. संकलन माधव शिंदे यांचे. गोळी लागलेली माणसे क्षणभर पडद्यावर गोठतात, झोपाळा करकरत राहतो आणि लहान मुलावर झाडलेली गोळी प्रेक्षकाला दिसतच नाही. फिल्मफेअरने त्या वर्षी एवढ्या मोठ्या चित्रपटाला एकच पारितोषिक दिले, ते शिंदे यांच्या संकलनाला. रक्त न दाखवता हत्येचा थरकाप कसा उडवावा, याचा तो वस्तुपाठ आजही कामाचा आहे. हत्येनंतर ठाकूर घरी परततो. ओळीने ठेवलेल्या देहांवरची पांढरी वस्त्रे वाऱ्याने उडतात. येथे संवाद जवळजवळ नाहीत. मोकळे हात असलेला ठाकूर प्रेक्षकाला पाहायला मिळतो, तो अशा मोजक्याच प्रसंगांत.

एरवी त्यांचे हात सैल कुडत्यात आणि शालीखाली दडवलेले असत. नट बोलताना नकळत हात हलवतो, खांदे उचलतो. ते सारे दाबून धरत सगळा संताप मान आणि आवाज यांवर पेलायचा होता. शालच वाऱ्याने उडते आणि रिकाम्या बाह्या दिसतात, तोपर्यंत ठाकूर हातांनी काही का करीत नाही हे प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही. हे श्रेय सलीम-जावेद यांच्या पटकथेचे जितके, तितकेच नटाच्या संयमाचे.

मूळ शेवटात ठाकूर खिळे मारलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवून ठार करतो. जून 1975 मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा, हे परिनिरीक्षण मंडळाला मानवले नाही. शेवट नव्याने चित्रित करावा लागला आणि ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात असे दाखवले गेले. 15 ऑगस्टला चित्रपट लागला. मूळ शेवट पुनरुज्जीवित प्रतीसह 2025 साली इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. तो पाहिल्यावर कळते की कात्रीने काय नेले होते. खुन्याला मारल्यानंतर सूडकऱ्यापाशी काहीच उरत नाही, ही पोकळी संजीवकुमारांनी चेहऱ्यावर आणली होती. पन्नास वर्षे प्रेक्षकांनी त्यांचे अर्धेच काम पाहिले.

‘आँधी’ आणि ‘अर्जुन पंडित’ यांसाठी फिल्मफेअरची पारितोषिके आली. म्हाताऱ्यांच्या भूमिका तर येतच राहिल्या. ‘त्रिशूल’मध्ये ते शशी कपूर यांचे वडील आहेत. वास्तवात शशी कपूर त्यांच्याहून चार महिन्यांनी मोठे. चित्रीकरणाला उशिरा येणे ही त्यांची प्रसिद्ध खोड आणि खाण्यावरचे प्रेम त्याहून प्रसिद्ध. दोन्हींचा हिशेब पुढे द्यावा लागला. घराण्यातील पुरुष पन्नाशी ओलांडत नाहीत, ही धास्ती त्यांना कायम होती. हृदयविकाराचा पहिला झटका आला, अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली. तब्येतीने साथ सोडली तरी काम सुटले नाही. लग्न त्यांनी केले नाही.

याच दिवसांत आर. के. नय्यर ‘कत्ल’ घेऊन आले, फिल्मालयाच्या पायरीवरचे पंचवीस वर्षांपूर्वीचे सोबती. अपघातात दृष्टी गेलेला एक नामवंत नट, त्याची बेइमान पत्नी आणि तिच्या खुनाची त्याने अत्यंत बारकाईने केलेली आखणी, असे कथानक. पत्नी सारिका, तपास अधिकारी शत्रुघ्न सिन्हा. आयुष्यभर खुन्यासमोर उभा राहिलेला, गब्बर न मिळालेला हा नट अखेर स्वतः खुनी झाला. आंधळ्याची भूमिका करताना बहुतेक नट हात चाचपडतात, चेहरा वर धरतात. येथे प्रेक्षकाला खुनाची चाहूल लागते ती या माणसाच्या स्वस्थपणातून. तो ऐकत असतो. समोर बोलणारी व्यक्ती किती पावलांवर आहे, हे मोजत असल्यासारखे त्याचे डोके किंचित वळते. चित्रपट म्हणून ‘कत्ल’ सर्वत्र सारखा बांधेसूद नाही, बाजूची उपकथानके ढिली आहेत. पण पडद्यावरच्या आजारी, स्थूल, थकलेल्या माणसाकडे पाहताना भीती आणि करुणा एकाच वेळी दाटून येतात. कोणता थकवा भूमिकेचा आणि कोणता नटाचा, हे तिथे वेगळे करता येत नाही.

6 नोव्हेंबर 1985 रोजी तीव्र झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे 47. एक धाकटा भाऊ त्यांच्या आधीच गेला होता. दुसरा त्यांच्यामागून काही महिन्यांतच गेला. ‘कत्ल’ 1986 साली प्रदर्शित झाला. त्या वर्षी ‘लव्ह अँड गॉड’ही लागला. पुढची सात-आठ वर्षे त्यांचे अपुरे-पुरे चित्रपट एकेक करून येतच राहिले. शेवटचा ‘प्रोफेसर की पडोसन’ 1993 मध्ये आला. त्यातले त्यांचे काम अर्धवट राहिले होते. त्यामुळे कथानक फिरवावे लागले आणि पडद्यावरील संजीवकुमारांच्या ओठांना आवाज दिला तो सुदेश भोसले या मराठी गायकाने.

भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने 3 मे 2013 रोजी काढलेल्या तिकिटांत त्यांना स्थान मिळाले. सुरत महानगरपालिकेने बांधलेल्या नाट्यगृहालाही त्यांचे नाव दिले गेले. तिथे आता गुजराती नाटकांचे प्रयोग होतात आणि एखादा बाविशीतला मुलगा केसांना पांढरा रंग लावून साठीच्या बापाची भूमिका करीत असतो.